निकुंभ : पाटणचा शिलालेख, एक आडनाव आणि मधली सहाशे वर्षे

थ्रेड : खानदेशातील एका विरळ आडनावाविषयी.

२००७ च्या डिसेंबरात प्रदर्शित झालेल्या ‘तारे जमीन पर’ या चित्रपटाने देशभरातील प्रेक्षकांच्या तोंडी एक मराठी आडनाव बसवले. रामशंकर निकुंभ. विदूषकाच्या वेषात वर्गात शिरणारे ‘निकुंभ सर’ सर्वांच्या लक्षात राहिले; पण हे आडनाव आले कुठून, हा प्रश्न फार थोड्यांना पडला असेल. जळगाव-धुळ्याकडच्या वाचकाला ते नवे नाही. शाळेच्या हजेरीपटावर, दवाखान्याच्या पाटीवर, लग्नपत्रिकेत ते त्याने पाहिलेले असते. पाटील, चौधरी, महाजन यांच्या गर्दीत ते विरळ आहे इतकेच.

या आडनावाचा एक तीन ओळींचा इतिहास समाजमाध्यमांवर फिरत असतो. वर तलवारीचे किंवा सूर्याचे चित्र, आणि खाली : निकुंभ हे सूर्यवंशी, त्यांनी पाटण येथून खानदेशावर राज्य केले, आजचे निकुंभ त्यांचे थेट वंशज. या तीन विधानांपैकी मधले खरे आहे. पहिले हा त्या राजांनी स्वतःविषयी केलेला दावा आहे. तिसऱ्याला आजमितीस पुरावा नाही. तिन्ही विधाने एका दमात उच्चारली जातात, म्हणून खरे विधान उरलेल्या दोघांना आपला आधार उसना देते. ती सुटी करून पाहिली पाहिजेत.

आधी मधले विधान, कारण तेच सर्वांत भक्कम आहे आणि नेमके तेच सर्वांत कमी वाचले जाते.

चाळीसगावपासून साधारण अठरा किलोमीटरवर, डोंगररांगेच्या पायथ्याशी पाटण हे स्थान आहे. आज लोक तिथे पाटणादेवीच्या दर्शनाला जातात, पावसाळ्यात धबधब्यासाठी जातात. आठशे वर्षांपूर्वी ही एका घराण्याची राजधानी होती. यादवांचे मांडलिक असलेले निकुंभ येथून कारभार पाहत. त्यांच्या ताब्यातील प्रदेशाचे वर्णन सोळाशे गावांचा देश असे येते. या घराण्याचे जे लेख पाटणला सापडले त्यांतले दोन विशेष महत्त्वाचे आहेत.

पहिला शके १०७५ चा, म्हणजे इ. स. ११५३ च्या सुमाराचा. इंद्रराज नावाच्या राजाने शिवमंदिर बांधायला घेतले आणि ते पुरे होण्यापूर्वीच तो निवर्तला. मुलगा गोवन लहान होता. तेव्हा राणी श्रीदेवीने राज्य सांभाळले. सगर कुळातून आलेली ही राणी बाराव्या शतकाच्या मध्यावर खानदेशातील सोळाशे गावांचा कारभार पाहत होती. निकुंभांच्या पराक्रमाचे पोवाडे रचणाऱ्या आजच्या मजकुरांत तिचे नाव क्वचितच दिसते. कदाचित ती माहेरची निकुंभ नव्हती म्हणून, किंवा तलवारीच्या चित्राखाली शोभत नाही म्हणूनही.

दुसरा लेख अधिक प्रसिद्ध आहे आणि खरे तर प्रत्येक खानदेशी विद्यार्थ्याला तो माहीत असायला हवा. शके ११२८, श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहण. इंग्रजी कालगणनेने ९ ऑगस्ट १२०७. यादव राजा सिंघण याचा मुख्य ज्योतिषी चांगदेव याने पाटणला एक मठ काढला. हा चांगदेव म्हणजे गणिती भास्कराचार्यांचा नातू, त्यांच्या लक्ष्मीधर नावाच्या मुलाचा मुलगा. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा, त्यांचा ‘सिद्धान्तशिरोमणी’ ११५० चा. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन-अध्यापन चालू राहावे, हा मठाचा उद्देश. आणि या मठाला दान देणारा राजा होता निकुंभ घराण्यातील सोइदेव; पुढे त्याचा धाकटा भाऊ हेमाडिदेव यानेही दान दिले.

एका मांडलिक राजाने, ग्रहणाच्या पुण्यकाळी, गणित आणि ज्योतिष शिकवणाऱ्या संस्थेला कायमचे उत्पन्न तोडून दिले. निकुंभ या नावाला अभिमानाचे काही कारण हवेच असेल, तर ते सूर्यापर्यंत जाण्यापूर्वी या शाळेपाशी थांबायला हरकत नव्हती.

हा लेख आधुनिक अभ्यासकांच्या नजरेस आणला डॉ. भाऊ दाजी यांनी. १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी त्याची माहिती दिली. पुढे जर्मन संस्कृतज्ञ कीलहॉर्न यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडात त्याचे व्यवस्थित संपादन केले. आडनावांच्या चर्चेत एक गंमत नोंदवण्याजोगी आहे : भाऊ दाजींचे आडनाव लाड, पण इतिहास त्यांना टोपणनाव आणि वडिलांचे नाव यांवरच ओळखतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबईतल्या सुशिक्षित माणसालाही आडनावावाचून काही अडत नव्हते.

आता पहिल्या विधानाकडे. निकुंभ सूर्यवंशी होते काय?

पाटणचा लेख तसे म्हणतो. सूर्याच्या वंशात निकुंभ नावाचा राजा झाला, त्याच्या कुळात मांधाता, सगर, भगीरथ असे थोर पुरुष जन्मले, आणि त्याच कुळात पुढे कृष्णराज झाला, अशी त्याची मांडणी आहे. पुराणांच्या वंशावळीत हा निकुंभ सापडतो : इक्ष्वाकूच्या कुळातील हर्यश्वाचा मुलगा, आणि त्याच्यानंतर काही पिढ्यांनी मांधाता. म्हणजे लेख रचणाऱ्या पंडिताला पुराणे चांगली अवगत होती. त्याने यजमानाच्या कुलनामाशी जुळणारे नाव पुराणात शोधले आणि ते मिळाले.

यात फसवणूक शोधू नये. त्या काळच्या राजप्रशस्तीचा तो शिरस्ताच होता. देवगिरीचे यादव स्वतःला श्रीकृष्णाच्या यदुकुळाशी जोडत. खुद्द चाळीसगाव तालुक्यातच, वाघळी येथे, शके ९९१ चा म्हणजे १०६९ चा लेख आहे. त्यातला गोविंदराज हा मांडलिक आपले कूळ मौर्य असल्याचे, ते सूर्यवंशी असल्याचे आणि सौराष्ट्रातील वलभीहून आल्याचे सांगतो. एका तालुक्यात, दीड-दोनशे वर्षांच्या अंतरात, दोन वेगळी मांडलिक घराणी सूर्यापर्यंत पोहोचलेली दिसतात. प्रशस्ती हे राजाचे ओळखपत्र होते, जन्मनोंद नव्हे. ती राजाला कसे दिसायचे होते ते सांगते.

शिवाय ‘निकुंभ’ हे नाव खानदेशात पाटणच्या राजांच्याही पाचशे वर्षे आधी वावरत होते, आणि तेव्हा त्याचा सूर्याशी संबंध नव्हता.

सातव्या शतकात या भागावर चालुक्यांचे मांडलिक म्हणून सेंद्रक नावाच्या घराण्याची सत्ता होती. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातले कासारे आणि चाळीसगाव तालुक्यातले मुंदखेडे या दोन्ही गावांची नावे त्यांच्या ताम्रपटांमुळे अभ्यासकांना परिचित आहेत. कासाऱ्याचा ताम्रपट कलचुरी संवत ४०४ चा, म्हणजे इ. स. ६५३ चा, मुंदखेड्याचा शके ६०२ चा, म्हणजे ६८० चा. या घराण्याची वंशावळ भानुशक्ती, आदित्यशक्ती, अल्लशक्ती, जयशक्ती अशी आहे. भानुशक्तीचे दुसरे नाव निकुंभ होते, आणि अल्लशक्तीला ‘निकुंभाल्लशक्ती’ असेही म्हटलेले आढळते.

हे सेंद्रक मूळचे कर्नाटकातले, आणि तिकडच्या लेखांत सेंद्रक आपले कूळ भुजगेंद्राचे, म्हणजे नागाचे सांगतात. एकच शब्द : सातव्या शतकात नागकुळाच्या घराण्यातील एका पुरुषाचे नाव, बाराव्या शतकात सूर्यकुळाचे वंशनाम. काही अभ्यासकांनी या दोहोंत दुवा असावा असे सुचवले आहे. तो असेलही. पण दुवा मान्य केला तर सूर्यवंश डळमळतो, आणि सूर्यवंश धरून ठेवला तर दुवा सोडावा लागतो. दोन्ही एकाच पताकेवर लिहिता येत नाहीत.

शब्दाचा अर्थ पाहू जावे, तर तिथेही एक सरळ उत्तर नाही. ‘कुंभ’ म्हणजे घडा, आणि ‘नि’ हा उपसर्ग. रामायणात कुंभकर्णाचे दोन मुलगे आहेत, कुंभ आणि निकुंभ. दोघेही लंकेच्या युद्धात रावणाच्या बाजूने लढून मारले जातात. पुराणांत शिवाच्या एका गणाचे नाव निकुंभ आहे. संस्कृत वैद्यकात निकुंभ म्हणजे दंती, रेचक म्हणून वापरली जाणारी एक वनस्पती. सूर्यवंशातील राजा, राक्षस, शिवगण आणि जुलाबाचे औषध : इतके सगळे एकाच शब्दात मावते. म्हणूनच ‘आडनावाचा अर्थ काय’ या प्रश्नाला शब्दकोशातून उत्तर काढणे धोक्याचे असते. माणसे आपल्याला हवा तो अर्थ उचलतात. राक्षसाची आठवण करून देणारा मजकूर कोणी पुढे पाठवत नाही.

महाराष्ट्राबाहेरही हे नाव आहे. राजस्थानात अलवारच्या किल्ल्याशी निकुंभ राजपुतांचे नाव जोडले जाते. आभानेरीची प्रसिद्ध चांद बावडी निकुंभ घराण्यातील राजा चंद याने बांधली असे परंपरा सांगते. चित्तोडगड जिल्ह्यात निकुंभ नावाचे गावच आहे. पाटणचे निकुंभ उत्तरेकडून आले, की दोन्हीकडे स्वतंत्रपणे हे नाव घेतले गेले, हे केवळ नावाच्या सारखेपणावरून ठरत नाही. पौराणिक नावे सर्वांना खुली होती. दोन माणसांचे नाव अर्जुन असले म्हणून ती एका घरची होत नाहीत.

मग तिसरे विधान. आजचे निकुंभ हे पाटणच्या राजांचे वंशज आहेत काय?

पाटणच्या लेखांतील नावे एकदा ओळीने वाचावीत : कृष्णराज, गोवन, गोविंदराज, दुसरा गोवन, दुसरा कृष्णराज, इंद्रराज, तिसरा गोवन, सोइदेव, हेमाडिदेव. यांतल्या कोणाच्याही नावापुढे ‘निकुंभ’ लागलेले नाही. निकुंभ हे त्यांच्या वंशाचे नाव होते. आजच्या अर्थाने आडनाव नव्हते. ‘सोइदेव निकुंभ’ हे रूप आजच्या हजेरीपटाच्या सवयीतून आले आहे. वंशनाम प्रशस्तीत मिरवायचे असते. आडनाव रोज लिहायचे असते, करारावर, दाखल्यावर, सातबाऱ्यावर. पहिल्याचे दुसरे आपोआप होत नाही.

हेमाडिदेवानंतर या घराण्याचा धागा हातून सुटतो. त्यानंतर यादवांचे राज्य गेले; दिल्लीच्या सुलतानांचा अंमल आला; चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात थाळनेरला मलिक राजाने फारुकी घराण्याचा पाया घातला आणि त्यांनी दोनशे वर्षांहून अधिक काळ खानदेशावर राज्य केले; १६०१ मध्ये अशीरगड अकबराच्या हाती पडला आणि खानदेश मोगलांचा सुभा झाला; मग निजाम, मराठे आणि १८१८ मध्ये इंग्रज. १२०७ पासून १८१८ पर्यंत सहाशे अकरा वर्षे. दर पिढीला पंचवीस वर्षे धरली तर चोवीस-पंचवीस पिढ्या. या पिढ्यांपैकी एकीचेही नाव न सांगता दोन्ही टोके जोडणारा माणूस इतिहास सांगत नाही, उडी मारतो.

या सहाशे वर्षांत आडनावे कशी घडली असतील, याचे नमुने खानदेशात विपुल आहेत. सर्वांत सोपा नमुना हुद्द्याचा. बहिणाबाई चौधरी १८८० मध्ये असोद्याच्या महाजनांच्या घरी जन्मल्या आणि जळगावच्या चौधरींच्या घरी दिल्या गेल्या. महाजन हा व्यापाऱ्यांचा किंवा जातसमूहाचा प्रमुख. चौधरी हा मोगली अंमलात परगण्याच्या वसुलीशी निगडित वतनदार. माहेर आणि सासर, दोन्ही आडनावे मूळची हुद्द्याची. पाटील तर सांगायलाच नको. गावचा पाटील एक असे. आज निम्मे गाव पाटील असते. हुद्दा एका घरात होता, भाऊबंदांनी आडनाव वाटून घेतले, आणि त्यांचे जुने कूळ त्या आडनावाखाली झाकले गेले. लग्न जुळवताना ‘पाटील, पण कोणते?’ हा प्रश्न अजून विचारला जातो तो यामुळेच.

म्हणजे गंमत अशी की, पाटणच्या राजांचे रक्त कोणात वाहत असलेच, तर ते आज निकुंभ आडनाव न लावणाऱ्या एखाद्या पाटलात असण्याचाही तितकाच संभव आहे.

दुसरा नमुना गावाचा. धुळे तालुक्यात निकुंभे नावाचे गाव आहे. एखादे कुटुंब तेथून उठून दुसरीकडे गेले आणि नव्या गावात ‘ते निकुंभ्याचे’ म्हणून ओळखले जाऊ लागले, तर दोन-तीन पिढ्यांत त्याचे आडनाव होऊ शकते. गावाला ते नाव घराण्यावरून मिळाले असेल, हे शक्य. पण गावावरून आडनाव घेतलेले कुटुंब त्या घराण्याचे असलेच पाहिजे असे नाही. होळ गावावरून होळकर झाले. मल्हाररावांचे बालपण आजोळी, खानदेशातल्या तळोद्याला गेले. पण म्हणून कोणी त्यांना तळोदेकर म्हटले नाही. कोणते गाव आडनावात शिरते आणि कोणते नाही, याला ठरीव नियम नाही.

तिसरा नमुना आश्रयाचा. ज्याच्या पदरी चाकरी, त्याचे नाव लावायचे. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात हे मोठ्या प्रमाणावर घडले : सरदाराच्या जमिनीवर राहणारी, त्याच्याकरिता लढणारी कुटुंबे त्याचे कुलनाम घेत, रक्ताचा संबंध नसतानाही. एका कुलनामाखाली असंख्य माणसे गोळा झाली, ती सगळी एका पूर्वजाची नव्हेत. मराठी मुलुखातही सरदाराचे आडनाव चाकरांनी, पुरोहिताचे यजमानांनी, मालकाचे कुळांनी उचलल्याची शक्यता प्रत्येक वेळी तपासावी लागते.

‘निकम हे निकुंभाचेच रूप’ हा समजही याच ओघात पाहून घ्यावा. ऐकायला तो पटतो. पण मराठीच्या उच्चारांची चाल वेगळे सांगते. कुंभकाराचा कुंभार झाला, स्तंभाचा खांब झाला, निंबाचा लिंब झाला, जांभूळ जांभूळच राहिले. संस्कृतातला ‘म्ब’ किंवा ‘म्भ’ मराठीत येताना ‘ब’ किंवा ‘भ’ सहसा टाकत नाही. ‘कु’मधला उकार नाहीसा होऊन नुसता ‘क’ राहणे हीदेखील आणखी एक पायरी आहे. यावर कदंबाचा कदम झाला ना, असा दाखला दिला जातो. पण तीही घराण्याने सांगितलेली व्युत्पत्ती आहे. झाडाचे नाव असलेल्या कदंबाचा मराठीत कळंब झाला, आणि तिथे ‘ब’ शाबूत आहे. एका अनिश्चित उदाहरणावर दुसरे उभे करता येत नाही. निकम-निकुंभ नाते अशक्य आहे असे नाही. ते सिद्ध करायला उच्चार पुरेसा नाही, कागद लागेल.

इंग्लंडात अशा प्रश्नांवर एक वेगळी वाट चोखाळली गेली. लेस्टर विद्यापीठातील ट्युरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००९ मध्ये चाळीस ब्रिटिश आडनावांच्या पुरुषांचे वाय-गुणसूत्र तपासले. बापाकडून मुलाकडे जाणारे हे गुणसूत्र आणि बापाकडून मुलाकडे जाणारे आडनाव जोडीने चालतात का, हा प्रश्न होता. उत्तर बोलके निघाले. स्मिथसारख्या सर्वत्र आढळणाऱ्या आडनावात काहीच जुळत नव्हते. लोहार प्रत्येक गावात होते. ॲटनबरोसारख्या विरळ आडनावात मात्र दहांपैकी जवळजवळ नऊ पुरुष एकाच गुणसूत्र-गटाचे निघाले, म्हणजे बहुधा एका मूळ पुरुषाचे.

हे वाचून खानदेशातला उत्साही तरुण म्हणेल : निकुंभही विरळ, म्हणजे निकुंभही एका पुरुषाचे! घाई इथेच होते. इंग्लंडात मध्ययुगातच आडनाव पिढीजात झाले आणि नंतर फारसे बदलले नाही. म्हणून तिथे विरळपणाला अर्थ आहे. खानदेशात सामान्य कुटुंबांची आडनावे कागदावर पक्की झाली ती प्रामुख्याने इंग्रजी अंमलात, शाळा, कोर्ट आणि जमीन-मोजणीच्या निमित्ताने. त्यापूर्वी ती घेतली, टाकली, बदलली जात. आणि मुख्य म्हणजे, निकुंभ हे आडनाव खानदेशात एकाच जातीत नाही. ते शिंपी समाजात आहे, राजपुतांत आहे, बौद्ध कुटुंबांतही आहे.

आणि इथे हा विषय निव्वळ छंदाचा राहत नाही.

‘निकुंभ म्हणजे सूर्यवंशी क्षत्रिय’ असे एकदा ठरले की पुढचा प्रश्न लगेच येतो : मग त्या जातीच्या माणसाने हे आडनाव का लावावे? त्याने ते ‘घेतले’ असणार. एका जातीच्या निकुंभाला आडनाव हा वारसा ठरतो आणि दुसऱ्या जातीच्या निकुंभाला तेच आडनाव उसनवारीचा आरोप ठरते, पुरावा मात्र दोघांकडेही सारखाच : शून्य. शाळकरी मुलाला त्याच्याच आडनावावरून ‘तू खरा निकुंभ नाहीस’ असे ऐकवता यावे, इतकी सोय तो तीन ओळींचा मजकूर करून ठेवतो. इतिहासाच्या नावाखाली ही सोय होऊ देता कामा नये. पाटणच्या लेखात राजांचा वंश सांगितला आहे. पुढे हे नाव कोणी लावावे आणि कोणी लावू नये, याची सनद त्यात कोणाच्याही नावे नाही.

उलट त्या लेखात एक गोष्ट आहे जी वंशाभिमानी मजकुरांत कधी येत नाही. लेखाचा बहुतेक भाग संस्कृतात आहे. पण शेवटी, मठाला नेमके काय मिळायचे हे सांगताना भाषा बदलते आणि मराठी सुरू होते. वंशाची थोरवी संस्कृतात, हिशेब मराठीत. पाटणच्या बाजारात जो माल येईल त्यावरचा राजाचा वाटा मठाला. आणि जितके तेलाचे घाणे चालतील तितक्यांमागे पळी पळी तेल. भास्कराचार्यांचे गणित ज्या दिव्यांच्या उजेडात पाटणला शिकवले गेले असेल, त्यांचे तेल या घाण्यांवरचे होते. जुन्या मराठीच्या अभ्यासकांना हा भाग मोलाचा वाटतो तो भाषेसाठी. सामाजिक इतिहासासाठी तो त्याहून मोलाचा आहे, कारण मठ चालवणारे पैसे कोणाच्या कष्टातून आले ते तो सांगतो. राजांची नावे लेखात आहेत. घाणे चालवणाऱ्यांपैकी एकाचेही नाही.

पाटणच्या वर कन्नडकडे जाणारा घाट आहे. त्याचे नाव औट्रम घाट; आसपासच्या अभयारण्यालाही गौताळा-औट्रमघाट असेच म्हणतात. १८२५ मध्ये खानदेशात भिल्लांची पलटण उभी करणाऱ्या जेम्स औट्रमचे ते नाव, इंग्लंडातही फारसे न आढळणारे. औट्रमच्या वंशातले कोणी इथे राहत नाही, तरी त्याचे आडनाव डोंगराला चिकटून राहिले आहे आणि चाळीसगावचे ट्रकचालक ते रोज उच्चारतात. नाव टिकायला वंश टिकावाच लागतो असे नाही, हे पाटणच्या पायथ्याशी उभे राहिले की सहज पटते.

ज्या निकुंभांना खरोखर शोध घ्यायचा आहे, त्यांनी सूर्यापासून खाली न येता स्वतःपासून मागे जावे. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, पणजोबांच्या नावाचे फेरफार, गावचे जुने जन्म-मृत्यू रजिस्टर, कोतवाल बुक. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे ही दप्तरे गावोगाव उघडली गेली आहेत आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली आहे. त्या नोंदींत आडनाव नेहमी असतेच असे नाही. कित्येकदा नुसते नाव, बापाचे नाव आणि जात एवढेच असते. आडनाव पहिल्यांदा कोणत्या वर्षी, कोणत्या कागदावर उमटते, ती तारीख मिळाली तरी पुष्कळ मिळाले. त्यामागे जायचे तर वतनाचे कागद, महजर, भाटांच्या वह्या. भाटांच्या वह्या सावधपणे, कारण यजमानाला आवडेल ते लिहिण्याची प्रशस्तिकारांची सवय त्यांनाही होती.

धुळ्यात अशा कामासाठी जागाही आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले आणि त्यांच्या संग्रहाच्या जतनासाठी पुढच्याच वर्षी तिथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. राजवाड्यांच्या व्युत्पत्ती पुष्कळदा धाडसी असत, आणि त्यांतल्या अनेक पुढे टिकल्या नाहीत. पण मराठ्यांचा इतिहास लिहायचा तर आधी गावोगावच्या दप्तरांतून अस्सल कागद गोळा केला पाहिजे, हा त्यांचा हट्ट टिकला. निकुंभ आडनावाचा १२०७ नंतरचा पहिला कागद कुठल्या रुमालात बांधलेला असेल, तर तो असाच कोणीतरी बसून, मोडी लावून, ओळ न् ओळ वाचून काढावा लागेल.